हवेच्या दाबाने बाण सोडणाऱ्या बंदुकीला धनुष्याच्या हंगामात परवानगी असावी का?

बाभूळबन (प्रश्न)

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या परिसरात राहतो. इथली बहुतेक सगळी जमीन खाजगी मालकीची असल्यामुळे शिकारीची आवड असलेले लोक गट करून एखादे रान हंगामापुरते भाड्याने घेतात. लानो काउंटीतल्या अशाच एका रानात मी सहकाऱ्यांबरोबर जातो. गुलाबी खडकांच्या त्या माळावर मेस्किटची झाडे आहेत आणि ती दुरून थेट आपल्या बाभळीसारखी दिसतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार मी तिथे कप्प्यांच्या (टोकांना कप्पी, म्हणजे पुली बसवलेल्या) धनुष्याने, म्हणजे कंपाउंड धनुष्याने शिकलो. शिकारीचे मांस आम्ही घरी खातो. हे इथे अनेकांना रुचणार नाही याची मला जाणीव आहे, आणि त्यांचे मतही मला हवेच आहे.

मागच्या वर्षी माझ्या उजव्या खांद्याचा स्नायुबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. साठ पौंडांची ओढ असलेले धनुष्य आता ताणायचे नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. ते कळल्यावर गटातील एकाने मला हवेच्या दाबावर चालणारी बाणबंदूक वापरायला दिली. दिसायला ती बंदूकच आहे: खांद्याला लावायचा दस्ता, चाप, दुर्बीण असे सगळे तिला आहे. फक्त नळीतून गोळी जाण्याऐवजी नळीवर चढवलेला पोकळ बाण सुटतो. पहिल्याच दुपारी पस्तीस यार्डांवर माझे तीन बाण तळहाताएवढ्या जागेत बसले. धनुष्याने तेवढा नेम साधायला मला दोन वर्षे रोज संध्याकाळी घरामागे सराव करावा लागला होता.

टेक्सासने २०१८ पासून ही बाणबंदूक हरणाच्या शिकारीसाठी मान्य केली आहे, पण ती फक्त सर्वसाधारण हंगामात, जो नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि ज्यात रायफलही चालते. त्याआधीचे साधारण पाच आठवडे केवळ धनुष्यासाठी राखीव असतात आणि त्या काळात बाणबंदूक चालत नाही. क्रॉसबो, म्हणजे दस्त्यावर आडवे बसवलेले आणि चापाने सुटणारे धनुष्य, मात्र त्या काळात सर्वांना चालतो. आमच्या गटातील काही जणांचे म्हणणे असे की क्रॉसबोलाही चाप आणि दुर्बीण असते, मग हवेने सुटलेला बाण आणि दोरीने सुटलेला बाण यांत भेद का करायचा? धनुष्याच्या हंगामात बाणबंदुकीला सरसकट परवानगी द्यावी असे पत्र ते वन्यजीव आयोगाला पाठवणार आहेत आणि त्यावर माझी सही मागत आहेत. माझा स्वतःचा फायदा त्यात उघड आहे, म्हणूनच माझ्या निर्णयावर माझा भरवसा बसत नाही. ज्यांनी शिकार केली आहे, ज्यांना यंत्र कळते किंवा ज्यांना रानाची काळजी आहे, अशांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरवारा

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि बावीस वर्षे धनुष्याने शिकार करतो आहे. माझे उत्तर आधीच सांगतो: सर्वसाधारण हंगामात ही बाणबंदूक अवश्य चालू द्यावी, धनुष्याच्या हंगामात नको. कारणे मात्र थोडी मागे जाऊन सांगावी लागतील.

अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार करण्यासाठी स्वतंत्र, कायदेशीर हंगाम पहिल्यांदा मिळाला तो आमच्याच राज्यात, १९३४ साली, आणि तोही दोनच काउंट्यांमध्ये. त्या काळी हरणे इतकी कमी उरली होती की शिकाऱ्याच्या हाती आणखी एक साधन देणे अनेकांना वेडेपणाचे वाटत असे. धनुर्धाऱ्यांनी तेव्हा एकच युक्तिवाद केला: आमच्या साधनाने फार थोडी हरणे मरतील, म्हणून आम्हाला रानात जास्त दिवस राहू द्या. त्या युक्तिवादावरच आजचा सगळा धनुष्याचा हंगाम उभा आहे. आमच्याकडे रायफलचा मुख्य हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास अवघा नऊ दिवसांचा असतो, तर धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो. इतके दिवस मिळतात ते साधन अवघड आहे म्हणून. ते सोपे झाले की एवढे दिवस देण्यामागचे कारणच उरत नाही.

अवघडपणा कशात आहे, हे ज्याने धनुष्य ओढलेले नाही त्याला सांगावे लागते. मचाणावर बसलेल्या माणसापासून हरीण वीस पावलांवर आले की शिकार झालीच, असे बघणाऱ्याला वाटते. खरी परीक्षा तिथून पुढे असते. दोरी ओढण्यासाठी दंड, कोपर आणि पाठ हलवावी लागते, आणि ती हालचाल हरणाला दिसू नये यासाठी त्याचे डोके एखाद्या बुंध्याआड जाईपर्यंत थांबावे लागते. ओढलेली दोरी धरून हरीण आडवे उभे राहण्याची वाट पाहताना हात थरथरू लागतात. मी स्वतः एका थंड सकाळी दीड मिनिट दोरी धरून उभा होतो. अखेर ती हळूच सोडून द्यावी लागली, तेवढी हालचाल हरणीला पुरली आणि ती शेपूट वर करून निघून गेली. धनुष्याच्या हंगामात बहुतेक दिवस असे रिकामे जातात. बाणबंदुकीत हा सगळा भाग नाहीसा होतो, कारण ताण आधीच टाकीत भरून ठेवलेला असतो आणि शेवटच्या क्षणी फक्त बोट हलते.

कप्प्यांचे धनुष्य आले तेव्हाही असाच विरोध झाला होता, हे मला मान्य आहे. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना त्याचे पेटंट १९६९ साली मिळाले, आणि पुढची काही वर्षे जुने धनुर्धारी त्याला यंत्र म्हणून हिणवत होते. मी स्वतः आज तेच धनुष्य वापरतो. पण कप्प्यांनी शेवटचा भार कितीही हलका केला, तरी दोरी माणूसच ओढतो, माणूसच धरून ठेवतो आणि माणूसच सोडतो. क्रॉसबोच्या बाबतीत ही रेषा पुसट झाली. आमच्या राज्यात २०१४ पासून क्रॉसबो सर्वांना खुला झाला आणि काही वर्षांतच क्रॉसबोने मारलेल्या हरणांची संख्या साध्या धनुष्याच्या पुढे गेली. क्रॉसबो वापरणाऱ्यांचा मला राग नाही, त्यांच्यामुळे अनेक वयस्क शिकारी रानात टिकले. तरीही एक सवलत दिली म्हणून पुढची द्यायलाच हवी, हा तर्क मला मान्य नाही, कारण त्या वाटेने शेवटी रायफलपाशीच पोहोचू.

पैशाचीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांच्या उत्पादनावरचा कर वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवला. १९७२ च्या दुरुस्तीने धनुर्विद्येचे साहित्यही ११ टक्के कराखाली आले. धनुष्यावरचा कर त्याच्या ओढीच्या वजनावरून लागतो, आणि ती ३० पौंड किंवा अधिक असावी लागते. बाणबंदुकीला ओढच नाही, आणि बंदूक म्हणावे तर तिच्यात दारूचा स्फोट होत नाही. म्हणजे ज्या निधीतून हरणांची गणना होते आणि अधिवास राखले जातात, त्यात धनुर्धारी भर घालतात, तर हे साधन दोन्ही व्याख्यांच्या फटीतून निसटते. ते धनुष्याच्या हंगामात आणायचे म्हणणाऱ्यांनी आधी त्यावर धनुष्याचा कर लावून घेण्याची मागणी करावी, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक. आधुनिक धनुष्यशिकारीची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात, त्या सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाला धनुष्य शिकवले ते इशीने. ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकन जमातीचा हा अखेरचा माणूस १९११ साली कॅलिफोर्नियात एकटा सापडला आणि १९१६ साली क्षयाने वारला. त्या मधल्या वर्षांत त्याने पोपना धनुष्य तासायला आणि सावजाजवळ कसे जायचे ते शिकवले. पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ साली निघालेली संस्था आजही धनुष्याने केलेल्या शिकारीच्या नोंदी ठेवते आणि क्रॉसबोची शिकारही त्यांत घेत नाही. हे फार कडक वाटेल, पण जवळ जाण्याची ती विद्या जपायला कोणीतरी कडक राहिले पाहिजे.

दाबमापक

मी शिकार करत नाही आणि करणारही नाही. पुण्यात दाबाखालच्या हवेच्या यंत्रणांवर काम करण्यात माझी नोकरी गेली आहे, त्यामुळे यंत्राबद्दलच लिहितो.

अमेरिकेत ज्या बाणबंदुकीमुळे २०१६ च्या सुमारास ही चर्चा पेटली, तिच्या टाकीत ३००० पीएसआयपर्यंत (म्हणजे दर चौरस इंचावर ३००० पौंड दाबापर्यंत) हवा भरतात. मोटारीच्या चाकात साधारण ३२ पीएसआय हवा असते, त्यावरून अंदाज यावा. एकदा टाकी भरली की आठ बाण सुटतात. ३७५ ग्रेनचा, म्हणजे सुमारे २४ ग्रॅमचा बाण सेकंदाला ४५० फूट, म्हणजे १३७ मीटर वेगाने निघतो. बाणाचा दांडा पोकळ असून मागून उघडा असतो आणि तो नळीवर म्यानासारखा चढतो. नळीच्या टोकातून आलेली हवा बाणाच्या आतून पुढच्या बाजूला ढकलते. साध्या धनुष्यात दोरी बाणाला शेपटीकडून रेटते, त्यामुळे दांडा सुटताना सापासारखा वाकतो आणि धनुर्धाऱ्याच्या बोटांतली जराशी चूकही त्यात उतरते. इथे तो जणू पुढून ओढला जातो, वाकत नाही, आणि म्हणून पहिल्याच दुपारी तीन बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात. बाभूळबन यांचा अनुभव अपवादात्मक नाही, यंत्राची रचनाच तशी आहे.

आता ऊर्जा पाहू. वरच्या आकड्यांवरून ती सुमारे २२८ जूल निघते. मध्यम ताकदीचे कप्प्यांचे धनुष्य २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटरने सोडते असे धरले तर ९४ जूल होतात. पण आजचे सर्वांत वेगवान क्रॉसबो तेवढाच बाण सेकंदाला ५०० फुटांनी सोडतात, आणि तिथे आकडा ३०० जूलच्या पुढे जातो. त्यामुळे ‘बाणबंदूक फार ताकदवान आहे म्हणून नको, क्रॉसबो मात्र चालेल’ असे कोणी म्हणत असेल तर त्या म्हणण्याला गणिताचा आधार नाही.

मला वेगळीच बाब महत्त्वाची वाटते, ती वेळेची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीस मीटरवरच्या हरणाला धनुष्याचा आवाज ०.०९ सेकंदांत ऐकू येतो आणि ८५ मीटर वेगाचा बाण ०.३५ सेकंदांत पोहोचतो, म्हणजे हरणाला दचकून खाली दबायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ मिळतो. बाणबंदुकीच्या बाणापुढे हरणाला दचकायला तेवढाच, पाव सेकंदाचा वेळ मिळायचा असेल तर ते साठ मीटरवर असले पाहिजे. दुसऱ्या शब्दांत, हरणाच्या बाजूने पाहिले तर या साधनाने शिकाऱ्याचे अंतर दुप्पट झाले. त्यातच हवेच्या टाकीचा आवाज धनुष्यापेक्षा बराच मोठा असल्यामुळे हरीण दचकण्याची शक्यता वाढते. तरी बाण तो बाणच राहतो. साठ मीटर जाईपर्यंत तो सुटल्या रेषेपासून जवळपास एक मीटर खाली येतो, आणि अंतराचा अंदाज चुकला तर नेमापेक्षा वर किंवा खाली लागतो. नेम सोपा वाटतो म्हणून लोक दूरवरून बाण सोडतील, हा धोका मला खरा वाटतो. परवानगी कोणत्याही हंगामात असो, प्रशिक्षणात हे गणित शिकवले गेले पाहिजे.

थंडीत दाब उतरतो, तेही ध्यानात ठेवा. तीस अंशांच्या दुपारी भरलेली टाकी उणे दहाच्या पहाटे साधारण आठव्या हिश्श्याने उतरलेली असेल. दाब स्थिर ठेवणारी झडप नसेल तर दुपारी जुळवलेला नेम पहाटे खाली लागेल.

कृष्णाकाठ

वरची दोन्ही उत्तरे आदराने वाचली. ‘हात थरथरतो तोच या विद्येचा कस’ असे उत्तरवारा यांचे एकंदर म्हणणे दिसते. माझा डावा हात अपघातानंतर कोपरापासून खाली उचलत नाही. मी ह्यूस्टनजवळ राहते, माझे यजमान शिकारी आहेत, आणि अपघातापूर्वी मीही त्यांच्या बरोबरीने धनुष्य वापरत असे. ज्याच्याकडे थरथरायला दोन हात आहेत त्यानेच रानात ऑक्टोबर पाहावा, असे तर आपल्याला म्हणायचे नसेल.

क्रॉसबो आहेच की, असे मला अनेकांनी सांगितले. त्याची दोरी चढवायला हातफिरकी मिळते हे खरे, पण एका हाताने क्रॉसबो गुडघ्यात धरून त्याच हाताने फिरकी फिरवणे आणि मग दोरी अडकली की नाही हे अंधारात चाचपणे किती कठीण असते, ते मी करून पाहिले आहे. ताणलेल्या दोरीच्या मार्गात अंगठा आला तर तो तुटतो, ही भीती वेगळीच. बाणबंदुकीत दोरी नसते, खटका चढवायला दोन बोटे पुरतात, आणि बाण सोडायचा नसेल तर खटका तसाच उतरवता येतो. तिकाटण्यावर ठेवून मी ती एकटीने, कोणाच्या मदतीशिवाय वापरू शकते. गेल्या दोन सर्वसाधारण हंगामांत मी दोन हरिणी मारल्या. दोन्ही पंचवीस यार्डांच्या आतल्या होत्या, कारण त्यापलीकडे बाण सोडायचा नाही हे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

म्हणून माझी सूचना अशी की धनुष्याच्या हंगामात सरसकट परवानगी मागू नका, पण डॉक्टरांच्या दाखल्यावर ज्यांना दोरी ओढणे कायमचे अशक्य आहे, त्यांच्यासाठी ती अवश्य मागा. क्रॉसबो सर्वांना खुला होण्यापूर्वी अनेक राज्यांनी अपंगांसाठी अशीच वाट काढली होती. दाखला कोणाला द्यायचा याचे निकष कडक ठेवा, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र आमच्या नावाने पत्र लिहून धडधाकट माणसांसाठी दार उघडू नका. बाभूळबन, आपल्या गटाच्या पत्रात अपंगांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात सहानुभूती मिळवण्यापुरता असेल तर कृपया सही करू नये.

पैनगंगेकाठचा

मी यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो. अमेरिकेतल्या हंगामाबद्दल मला सांगण्यासारखे काही नाही, पण हा धागा वाचून कोणी असे यंत्र इकडे आणण्याचा विचार करू नये, म्हणून लिहितो.

आमच्याकडे रोही आणि रानडुक्कर रात्रीतून उभे पीक आडवे करतात. तुरीच्या शेंगा भरल्या की चार महिने आम्ही मचाणावर झोपतो, तरी एका रात्री डोळा लागला की कोपऱ्यातले अर्धे एकर साफ होते. तेव्हा हरणाला मारू नका असे दुरून सांगणाऱ्यांपैकी मी नाही. पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि उभ्या पिकाला धोकादायक ठरलेला प्राणी मारायचा तर कलम ११ प्रमाणे अधिकाऱ्याचा लेखी, सकारण आदेश लागतो. शस्त्राचे म्हणाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० जुलांपेक्षा जास्त ऊर्जेच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. दाबमापक यांनी सांगितलेला आकडा त्याच्या अकरा पटींहून अधिक आहे. ‘हवेचीच तर आहे’ असे म्हणून ती छर्ऱ्याच्या बंदुकीच्या पंगतीत बसवता येणार नाही.

तिकडे हंगाम आहे, टॅग (मारलेल्या जनावराला लावायची परवान्याची चिठ्ठी) आहे, मारलेल्या जनावराची नोंद आहे आणि ती तपासणारा वनाधिकारी आहे. या सगळ्या चौकटीत एखादे साधन बसते की नाही याची चर्चा करता येते. आमच्या रानात ती चौकट नाही. इथे क्लच वायरचे फास लागतात, कुंपणात वीज सोडली जाते, आणि डुकरासाठी लावलेल्या तारेला वाघ चिकटून मेल्याचेही आम्ही पाहिले आहे. दारूच्या बंदुकीचा बार निदान दोन कोस ऐकू जातो आणि गावाला कळते. दारू नाही, धूर नाही, आणि आवाज शिवारापलीकडे पोहोचत नाही असे साधन चोरट्या शिकाऱ्याच्या हाती पडले तर काय होईल, ते मला वेगळे सांगायला नको. आम्हाला हवी आहे ती वेळेवर मिळणारी भरपाई, टिकणारे कुंपण आणि अर्ज केल्यावर पीक उभे असेपर्यंत येणारा अधिकाऱ्याचा आदेश.

उत्तरवारा यांना एक विचारायचे आहे. बाण लागलेले हरीण जागेवर पडते का? जखमी होऊन जाणाऱ्या जनावराचे तुम्ही काय करता? माझे आजोबा हाक्याच्या शिकारीला जात, आणि जखमी सावज सोडून घरी जेवायला येणाऱ्याला ते पुन्हा बरोबर नेत नसत.

उत्तरवारा

आपल्या आजोबांचा नियम इथेही पाळला जातो, आणि जो पाळत नाही त्याच्याबरोबर मीही जात नाही.

बाण लागलेले हरीण बहुधा जागेवर पडत नाही. रायफलची गोळी आघाताने पाडते, बाणाचा धारदार फाळ मात्र रक्तवाहिन्या कापतो आणि प्राणी रक्तस्रावाने मरतो. दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेला तर हरीण काही सेकंदांत शंभरेक यार्डांच्या आत कोसळते. तरीही आम्ही अर्धा तास मचाणावरून उतरत नाही. मग बाण शोधतो आणि त्यावरचे रक्त पाहतो. ते लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, काळपट असेल तर यकृत, आणि हिरवट, वास येणारे काही चिकटले असेल तर बाण पोटात लागला आहे. यकृतासाठी तीन-चार तास थांबायचे, पोटासाठी आठ ते बारा तास, कारण घाईने मागे गेले तर जखमी हरीण उठून मैलभर जाते आणि मग कोणालाच सापडत नाही. रक्ताच्या प्रत्येक थेंबापाशी मी टॉयलेट पेपरचा एक तुकडा झुडपाला अडकवतो. वीसेक तुकडे झाले की मागे वळून पाहायचे, म्हणजे कंदिलाच्या उजेडात हरणाची दिशा रेघेसारखी दिसते. थेंब संपले तर गुडघ्यांवर बसून पानांची उलटी बाजू पाहायची.

हे सगळे बाणबंदुकीने मारलेल्या हरणालाही जसेच्या तसे लागू आहे, आणि माझी काळजी नेमकी इथे आहे. जो माणूस दोन वर्षे घरामागे सराव करून रानात येतो, तो या काळात कोणाच्या तरी हाताखाली माग काढायलाही शिकतो. जो एका दुपारी नेम साधून येतो, त्याच्या हाती बंदुकीसारखे यंत्र असते आणि हरीण बंदुकीसारखे पडेल अशी त्याची समजूत असते. ते पडत नाही, पळून जाते, आणि त्याला वाटते नेम चुकला.

कृष्णाकाठ यांच्या म्हणण्यावर मी काल रात्री बराच विचार केला. धनुष्याचा हंगाम टिकावा म्हणून मी जे लिहिले त्यात त्यांच्यासारख्या व्यक्तीला वगळण्याचा हेतू नव्हता, पण माझे शब्द तसे झाले होते. दाखल्यावर परवानगी द्यावी, हे मला पटले आहे. त्याने हंगामावर येणारा भार नगण्य असेल, आणि पंचवीस यार्डांची मर्यादा स्वतःवर घालणारी शिकारी रानात असणे केव्हाही चांगले.

बाभूळबन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गटाचे पत्र पुन्हा वाचले. कृष्णाकाठ यांनी ओळखले तसेच आहे: अपंग शिकाऱ्यांचा उल्लेख शेवटच्या दोन ओळींत आहे आणि मागणी सरसकट परवानगीची आहे. मी सही करणार नाही असे कालच कळवले. कायमस्वरूपी दुखापतीच्या दाखल्यावर परवानगी आणि बाणबंदुकीवर धनुष्याइतकाच कर, अशा दोन मागण्यांचे वेगळे पत्र मी लिहितो आहे. कर संघराज्याच्या कायद्याचा विषय असल्यामुळे तो आयोगाच्या हातात नाही, हे मला माहीत आहे, तरी ती मागणी सोबत नसेल तर पहिली मागणी अप्रामाणिक वाटते. गटातील दोघे सही करायला तयार झाले, एकाने नकार दिला, आणि ज्याने मला ही बंदूक दिली तो अजून बोललेला नाही.

माझ्यापुरते म्हणाल तर माझा खांदा कायमचा गेलेला नाही. डॉक्टरांच्या मते वर्षभराने चाळीस पौंडांची ओढ जमू शकेल. तेव्हा दाखला मागण्याचा मला अधिकार नाही. यंदा ऑक्टोबरमध्ये मी धनुष्याशिवाय, फक्त इतरांचा माग काढायला रानात जाईन आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारनंतर बाणबंदूक वापरेन, तीस यार्डांच्या आत. टाकी आदल्या रात्री बाहेर थंडीत ठेवून पहाटे नेम तपासायचा, हेही ठरवले आहे.

उत्तरवारा, एक व्यावहारिक प्रश्न उरतो. या बाणाचा मागचा भाग उघडा असल्यामुळे त्याला दोरीची खाच नसते, म्हणून आपण धनुष्याच्या बाणाला मागे लावतो तो लुकलुकणारा दिवा याला बसत नाही. आरपार गेलेला बाण गवतात कसा शोधायचा? रक्ताचा रंग पाहायला तो सापडलाच पाहिजे.

उत्तरवारा

पिसे पांढरी घ्या आणि पिसांपुढच्या दांड्यावर वीतभर पांढरा कागद गुंडाळून चिकटवा, पोकळी मात्र मोकळी ठेवा. पांढऱ्यावर फेस आणि काळपटपणा दोन्ही लगेच ओळखू येतात. बाण सोडण्यापूर्वी हरणामागचे एखादे झाड किंवा दगड मनात पक्का करून ठेवा, आणि शोध त्या रेषेत, दुप्पट अंतरापर्यंत करा. तुमच्याकडे खडक आहे, त्यामुळे बाण उसळून बाजूला गेलेला असू शकतो. ऑक्टोबरमध्ये कोणाचा माग काढायला गेलात तर पहिले हरीण सापडेपर्यंत कागदाचे तुकडे तुम्हीच लावा, दुसऱ्याला लावू देऊ नका. डोळा त्यानेच तयार होतो.